नाव सांगा

नवीन मुली आल्या की सुई धरायला मी शिकवत नाही.
ते त्या शिकूनच येतात.
मी शिकवते थांबायला.
खाटेशी उभं राहायचं आणि म्हणायचं, नाव सांगा.
"तुम्ही द्वारकाबाई ना?" असं नाही.
आमच्याकडची म्हातारी माणसं सिस्टरला नाही म्हणत नाहीत.
ताप आहे? होय गो बाय.
उतरला? होय गो बाय.
जेवलात? होय. उपाशी आहात ना? होय, होय.
खोताला, तलाठ्याला, बँकेतल्या साहेबाला
जन्मभर हेच उत्तर देऊन सुटत आलेली.

आचऱ्याच्या दवाखान्यात तीस खाटा.
त्या चैत्रात त्यातल्या दोन खाटांवर द्वारका कुबल.
चार नंबरला द्वारका हरी.
अकराला द्वारका हिरू.
खाडीपलीकडच्या एकाच वाडीतल्या, लांबच्या जावा.
एकीला साखर, एकीला नुसता दमा.
केसपेपरवर डॉक्टर ढेकण्यांचं अक्षर,
त्यात हरी आणि हिरू
एकाच होडीत दाटीनं बसलेले.

रात्री दहाला वीज गेली.
मोबाइल दातांत धरून मी वीस युनिट इन्शुलिन भरलं.
द्वारकाबाई ना?
होय गो बाय.
दंडाची कातडी भिजलेल्या आमसुलासारखी.
"हात हलको आसा तुझो," ती म्हणाली.

तीन वाजता फिलोमिना फरशी पुसत होती.
बारा वर्षं रोजंदारीवर,
डॉक्टरांसमोर तोंड उघडायची तिला सवय नाही.
फडकं तिथंच टाकून आली.
"सिस्टर, वीज इली, पंखो फिरता.
मगे अकरा नंबरक ह्यो घाम कसलो?"

साखर बत्तीस.
शीर सापडेना. मग सापडली.
ढेकणे लुंगीवरच धावत आले.
पाचला बंदरावर होड्यांचे आवाज सुरू झाले
तेव्हा द्वारका हिरू चहा मागत होती,
आणि चार नंबरची द्वारका
आपली सुई राहिली म्हणून कुणाला काही न बोलता
भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"वाचली ना," डॉक्टर म्हणाले.
"लिहिलंत तर नाव तुमचं. अक्षर माझं."
मी वहीत लिहिलं : घाम आला, उपचार केले.
दोन्ही खरं होतं.

घरी जाताना तिच्या मुलानं सोड्यांची पुडी दिली.
"रातभर जागलंस माझ्यासाठी," ती म्हणाली,
"द्येव तुझा भला करो."
मी पुडी घेतली.
कांद्यावर सोडे परतले. मुलांनी भात मागून घेतला.
माझ्या घशाखाली घास उतरला नाही,
असं काही झालं नाही. उतरला.
तेच नंतर फार लागलं.

अकराव्या दिवशी त्याच पानाच्या समासात
उरलेलं लिहून काढलं.
वेळ. युनिट. कुठली खाट.
आणि माझं नाव, पूर्ण :
ज्योत्स्ना रघुवीर मेस्त्री.
जिल्ह्याहून छापील कागद आला,
त्यात "चूक कोणाची" असा एकच रकाना.
वीज कुठं लिहायची, अक्षर कुठं,
तीस खाटांना रात्री एकच सिस्टर हे कुठं,
आणि ते "होय" कुठं?
फिलोमिनासाठी तर रकानाच नव्हता.
सारख्या नावांच्या मनगटांना वेगळ्या रंगाच्या नाड्या बांधा,
हे तिनंच सुचवलं. परकराच्या नाड्या. अजून बांधतो.

द्वारका हिरू दर महिन्याला दम्याच्या औषधाला येते.
मी विचारते, नाव सांगा.
"इसारलंस काय गो माका?"
नाही, म्हणते मी. नाव सांगा.
"द्वारका कुबल."
पूर्ण.
सत्तरीची बाई पदर तोंडाला लावते.
नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही.
मागची रांग हसते.
तिला अजून मी काही सांगितलेलं नाही.
सिरिंज ट्रेमध्ये आहे, माझे हात रिकामे आहेत,
आणि मी वाट बघते आहे
पदराआडून येणाऱ्या त्या दोन अक्षरांची.